देवही हवा आणि समुपदेशनही हवं, तर सुरुवात कुठून करायची

परवा आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींनी लिफ्टपाशी थांबवलं आणि हळूच विचारलं, तुम्ही आईंना कुठे न्यायचात हो, आमच्या सासूबाई तीन महिने नीट झोपल्या नाहीयेत पण काउन्सेलर शब्द काढला की म्हणतात माझी स्वामींवर श्रद्धा आहे, मला काय वेड लागलंय का. हा प्रश्न मला आजवर इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. मी डॉक्टर नाही, समुपदेशक पण नाही. आमच्या घरात हे झालंय, आईला घेऊन दीड वर्ष फेऱ्या मारल्यात, जे चुकत चुकत कळलं ते सांगते.

आम्ही मूळचे परळचे, बाबा गिरणीत होते, घर माळकरी. दिवेलागणीला आई-बाबा शेजारी शेजारी पाटावर बसून हरिपाठ म्हणायचे, आम्हा भावंडांना आवडो न आवडो ऐकावाच लागायचा. बाबा गेले आणि सहा महिन्यांनी आईचा हरिपाठ बंद झाला. आम्हाला वाटलं थकली असेल. मग जेवण कमी झालं, पहाटे तीनला जाग, मग दिवसभर खिडकीशी बसणं. गावाला जाऊन कुलदेवीची ओटी भरून आलो, अंगारा आणला, आत्याने सांगितलेला गुरुवारही केला, सगळं मनापासून केलं, आई आणखीनच गप्प होत गेली. मग एका समुपदेशकाकडे नेलं तर पहिल्याच दिवशी ते म्हणाले, काकू हे देवदेव आता बाजूला ठेवा, जरा स्वतःसाठी जगा. येताना लोकलमधे आई एक शब्द बोलली नाही आणि परत कुठेही यायला तयार होईना. चार महिने गेले त्यात.

दुसरीकडे गेलो ते ठाण्याला, एक वयस्कर बाई होत्या. आईच्या मांडीवर पर्स, पर्सच्या आतल्या कप्प्यात अंगाऱ्याची पुडी, गळ्यात तुळशीची माळ आणि नजर पंख्याच्या रेग्युलेटरवर. अर्धा तास नुसतं "बरं आहे", "ठीक आहे". मग त्या बाईंनी विचारलं, माळ कधी घातलीत? आई म्हणाली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, ह्यांच्याबरोबर. मग संध्याकाळी काय म्हणता? आई बराच वेळ गप्प, आणि मग म्हणाली, म्हणायचे, आता तोंडच उघडत नाही, म्हणायला बसले की शेजारचा पाट रिकामा दिसतो. बाबांना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि हे वाक्य आम्हाला तिघा भावंडांना माहीत नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट ही की ज्याच्याकडे जाल त्याला पहिल्याच भेटीत तुमची श्रद्धा सांगून टाका. देव काही चपलांबरोबर बाहेर स्टँडवर काढून ठेवायचा नाहीये. रोज काय म्हणता, कुठल्या दिवशी उपवास असतो, कुणाला गुरू मानता, कुठला नवस बोललाय, माळ आहे का, चर्चला जाता का, नमाज पढता का, विहारात जाता का. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यातलं काय हल्ली सुटलंय. रोज काकड आरतीला जाणारा माणूस जायचा थांबला, तर बऱ्याचदा तिथेच आजाराचा पहिला धागा असतो, फक्त घरच्यांना तो आळस वाटतो.

दुसरं, मनात देवाबद्दल राग असेल तर तो पण बोला. हे फार अवघड जातं, माहितीये. "देवाने माझ्यावरच का", "मी काहीतरी पाप केलंय म्हणून मुलाला असं झालं", "देव कोपलाय", असली वाक्यं माणूस आपल्या देवळात बोलू शकत नाही आणि नातेवाईकांत तर नाहीच नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलंय, त्यांचं म्हणणं असं की संकटात श्रद्धा दोन्ही तऱ्हेने काम करते, देव सोबत आहे असं वाटलं तर माणूस तगून राहतो आणि देव शिक्षा करतोय किंवा त्याने टाकलंय असं वाटत राहिलं तर तब्येत आणखी बिघडते. त्यामुळे "माझी श्रद्धा आहे" एवढं सांगून भागत नाही, ती सध्या आधार देतेय की आतून कुरतडतेय ते सांगावं लागतं.

आता कुणाकडे जायचं. आपल्याकडे सगळ्यांना सरसकट "काउन्सेलर" म्हणतात, तो घोळ आधी मिटवा. सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएस करून पुढे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेले डॉक्टर असतात आणि गोळ्या तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते, तो नंबर मागा, मागायला लाजू नका, चांगला माणूस लगेच देतो. समुपदेशक बहुतेक मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एमए केलेले असतात, त्यातले कित्येक उत्तम आहेत, पण पाटी कुणीही लावू शकतो म्हणून शिक्षण कुठलं, किती वर्षं काम केलंय, हे फोनवरच विचारा. आणि गुरुजी, फादर, मौलाना, भंतेजी यांचं काम वेगळं. ते मार्ग दाखवतात, धीर देतात, प्रार्थना करतात, पण डिप्रेशन आहे की थायरॉइडमुळे असं होतंय हे त्यांना बघून कळणार नाही. (थायरॉइड आणि बी-१२ ची तपासणी सुरुवातीलाच करून घ्या, आमच्या मावशीचं निम्मं दुखणं तिथेच निघालं.)

फोनवर मी आता तीन गोष्टी विचारते. आमच्या घरात देवाधर्माचं आहे, पेशंट त्याबद्दल बोलला तर तुम्हाला चालेल ना? गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवता ना? आणि मराठीत बोलता ना? तिसरा प्रश्न लोक सोडून देतात. आईला हिंदी येतं पण रडायला मराठीच लागतं. समुपदेशक आपल्याच धर्माचा, आपल्याच संप्रदायाचा हवा असं काही नाही, आईच्या बाई माळकरी नव्हत्या, त्यांना हरिपाठ पाठही नव्हता, त्या फक्त मान ठेवून विचारायच्या. उलट आपल्याच मठातला, आपल्याच पॅरिशमधला माणूस असेल तर कधीकधी तोंड उघडत नाही, कारण रविवारी परत तोच भेटणार असतो.

पैशाचं पण बोलू. मी चौकशी केली तेव्हा खासगीत एका भेटीचे आठशेपासून अडीच-तीन हजारांपर्यंत ऐकले, महिन्यातून चार वेळा हे कुणाला परवडतं सांगा. केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे, सगळीकडे मनोविकार विभागाची ओपीडी आहे, केसपेपर अगदी थोडक्या पैशात होतो, सकाळी लवकर जा आणि रांगेची तयारी ठेवून जा. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे आणि "याला ठाण्याला पाठवा" हे आपण शिवीसारखं वापरतो म्हणूनच लोक तिथल्या ओपीडीत पाय ठेवायला घाबरतात, ती भीती सोडा, तिथेही लोक सकाळी येऊन दाखवून दुपारी घरी जातात. ठाण्यातच आयपीएच म्हणून मानसिक आरोग्याची संस्था आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मधे सुरू केलेली, तिथे मराठीत काम चालतं. आणि फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. माणूस मरणाची भाषा बोलत असेल, "आता मला बोलावणं आलंय", "मी गेले की तुम्ही सुटाल" असं जरी देवाच्या भाषेत बोलत असेल तरी, किंवा कानात आवाज ऐकू येऊन ते काही करायला सांगत असतील, किंवा दोन-तीन दिवस अन्नपाणी बंद असेल, तर चांगला दिवस, अमावस्या, सुतक काहीही न बघता त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला न्या, माणसाला एकटं ठेवू नका, घरातल्या गोळ्या-औषधं, फिनेल उचलून ठेवा. आणि सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने डोक्यात येतं असं नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. लोक पोलिसांना घाबरून लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला चालवत नाहीत, सरकारने त्याची काळजी घ्यायची असते.

आता समुपदेशनात श्रद्धा वापरतात म्हणजे नक्की काय करतात. आईचं सांगते. त्या बाईंनी "हरिपाठ परत सुरू करा" असं म्हटलं नाही. विचारलं, किती जमेल? आई म्हणाली, एखादा अभंग. मग पहिल्या आठवड्याचा होमवर्क एवढाच, दिवा लावायचा, एकच अभंग, पुटपुटला तरी चालेल, आणि शेजारच्या पाटावर नातीला बसवायचं. डिप्रेशनमधे उत्साह नसतो म्हणून माणूस गोष्टी सोडतो आणि सोडल्या की आणखी खचतो, तर ते चक्र उलटं फिरवायला आधी छोटी कृती करायची, उत्साह मागून येतो. कुणासाठी ती कृती मॉर्निंग वॉक असते, आईसाठी अभंग होता. माझी मुलगी पहिले दोन दिवस कंटाळली, तिसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन टाळ शोधून आणले. त्या आठवड्यात आईने दोनदा वरणभात मागून घेतला.

विचारांवर काम करतात तेही आपल्या परंपरेला परकं नाहीये. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, मुंबईत कि. मो. फडके यांनी ती रुजवली, तिचा गाभा असा की प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दलचा आपला हट्टी विचार जास्त छळतो. आईचा विचार होता, "मी त्या रात्री जागी असते तर ते वाचले असते." बाईंनी तिला वाद घालून पटवलं नाही, एवढंच विचारलं की जन्ममरण पांडुरंगाच्या हातात आहे असं तुम्ही मानता ना, मग ही एकच रात्र तुम्ही स्वतःच्या हातात का घेतलीत? आई खूप रडली त्या दिवशी. मी बाहेर बाकावर होते, दारातून आवाज येत होता.

गोळ्या लागल्या. लागल्या तर घ्या. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात आणि बरं वाटल्यावरही सहसा सहा महिने तरी चालू ठेवतात, मनाने एकदम बंद केल्या तर त्रास उलटतो. या गोळ्यांची चटक लागत नाही, झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, दोन्ही एक समजू नका. आणि उपवासाबद्दल डॉक्टरला नक्की सांगा, हे मी हात जोडून सांगतेय. लिथियमची गोळी (मूड टोकाचा वरखाली होतो त्या आजारात देतात ती) चालू असेल तर निर्जळी उपवास किंवा अळणी व्रत धोक्याचं आहे, अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, हात कापणं, उलट्या, झोक जाणं, आणि दुर्लक्ष केलं तर जिवावर बेतू शकतं. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनी आधीच महिनाभर डॉक्टरांना भेटून डोसच्या वेळा सहरी-इफ्तारला बसतात का ते ठरवा, आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे हे धर्मातच सांगितलंय. तसंच दुःखात बुडालेल्या पोराला "दहा दिवस इगतपुरीला बसव, सुधारेल" म्हणून विपश्यनेला ढकलू नका, चांगली साधना आहे पण उपचार म्हणून ती नाही, त्यांच्या फॉर्ममधेच मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथे लपवू नका.

गोळ्यांना आईची सगळ्यात मोठी अडचण होती की नामात ताकद आहे तर गोळी कशाला, म्हणजे माझं नाम कमी पडलं का. हे आमच्यापैकी कुणाच्या सांगण्याने सुटलं नाही. शेवटी बाबांच्या दिंडीतले विणेकरी काका घरी आले होते, मी त्यांना दारातच गाठून सगळं सांगितलं होतं. ते आईला म्हणाले, "माउली, वारीत पायाला फोड आला की आपण मलम लावतो, तेव्हा नाम थांबतं का? घ्या गोळी." झालं. दुसऱ्या दिवसापासून आईने डबी स्वतःजवळ ठेवली. म्हणून माझा सगळ्यात कामाचा सल्ला हाच, तुमच्या माणसाचा ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना सोबत घ्या, आधी एकटं भेटा, डॉक्टर काय म्हणाले ते सांगा आणि "औषध घे" एवढं त्यांच्या तोंडून वदवून घ्या. गुजरातमधे उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात "दवा-दुआ" म्हणून हेच केलंय, दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसतात, मुजावर लोकांना दुआ देऊन डॉक्टरकडे पाठवतात.

आणि जो गुरू, बुवा, पास्टर, बाबा "गोळ्या बंद कर" म्हणेल, डॉक्टरपासून लपवायला सांगेल, घरच्यांशी बोलू नको म्हणेल, किंवा दर खेपेला आणखी मोठी रक्कम मागेल, तिथून उठा. भूत काढायचं म्हणून मारणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या मनोरुग्णांच्या आश्रमात २००१ मधे आग लागली तेव्हा २८ माणसं गेली, ती साखळदंडांनी बांधलेली होती म्हणून पळू शकली नाहीत. अंगात येणं मात्र लगेच आजार धरू नका, जत्रेत, नवरात्रात, सगळ्यांच्या साक्षीने येतं आणि नंतर बाई घरी जाऊन भाकऱ्या थापते, तर डॉक्टरही त्याला आजार म्हणत नाहीत. वेळीअवेळी, एकटीला, नको असताना येतं आणि संसार-काम बुडतं, तेव्हा दाखवा.

भक्ती कुठे थांबते आणि आजार कुठे सुरू होतो हा प्रश्न सोवळ्याच्या बाबतीत फार येतो. ओळखीतला एक मुलगा, पूजेआधी चार-चार वेळा अंघोळ, स्तोत्रात एक शब्द चुकल्याची शंका आली की पहिल्यापासून परत, कॉलेज सुटलं, आणि घरचे कौतुकाने सांगायचे की आमचा मुलगा किती धार्मिक. पूजा करून उठल्यावर मन हलकं होतं का हे विचारा. त्याचं होत नव्हतं, भीतीच वाढायची. हा ओसीडी, म्हणजे मंत्रचळाचा आजार, याच्यावर चांगले उपचार आहेत, त्यात शंका आली तरी पुन्हा न म्हणता ती भीती हळूहळू सहन करायला शिकवतात. अशा वेळी गुरुजींना एकदाच विचारा, "चूक झाली तर चालते का", उत्तर लिहून ठेवा, आणि मग रोज रोज विचारू नका, घरच्यांनी पण "काही नाही होत" असं पन्नास वेळा सांगू नका, त्या धीरानेच ओसीडी पोसला जातो.

कुटुंबाने एकत्र जायचं असेल तर आधी ठरवून जा. आम्ही पहिल्यांदा चौघं गेलो आणि भावाने खुर्चीत बसल्या बसल्या सुरू केलं, आई ऐकतच नाही, आई जेवत नाही. बाईंनी त्याला थांबवलं, म्हणाल्या तुम्हाला काय होतंय ते सांगा. तो गप्प, आणि मग बाबांच्या अंत्यविधीचं बोलायला लागला. तेव्हा नियम हा की प्रत्येकाने स्वतःबद्दल बोलायचं, पेशंटविरुद्ध साक्ष द्यायला जायचं नाही. दुसरं, मुंबईतल्या घरांत भांडणं बऱ्याचदा धर्माच्या वस्तूंवरून बाहेर पडतात, गणपती कुणाच्या घरी बसवायचा, दहा बाय बाराच्या खोलीत पाच दिवस ठेवायचा की दीड, सुनेने गौरीचं सगळं करायचं की नाही, आंतरधर्मीय लग्न असेल तर बाळाचं नाव कसं ठेवायचं. हे क्षुल्लक समजून समुपदेशकाला सांगायचं टाळू नका. आमच्याकडे पाच दिवसांचा दीड दिवस केला त्याच वर्षी बाबा गेले आणि आईने ते मनात जोडून ठेवलं होतं, आणि माझ्या भावाच्या बायकोला वाटायचं सासूबाई आपल्याशी उगाच तुटक वागतात. तरुण मुलगा देव मानत नसेल तर त्याला "श्रद्धा परत आणायला" म्हणून नेऊ नका, एका भेटीत त्याला ते कळतं आणि तो परत येत नाही.

घरात दारू असेल तर त्याची वाट थोडी वेगळी आहे. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मधे कृपा फाउंडेशन सुरू केलं, तिथे प्रार्थना, योगासनं आणि समुपदेशन एकत्र चालतं, कुठल्याही धर्माचा माणूस जातो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मराठीतही होतात, फुकट असतात, तिथे "उच्च शक्ती" म्हणतात आणि ती शक्ती म्हणजे विठ्ठल की येशू की नुसता तो ग्रुप, हे ज्याने त्याने ठरवायचं. बायको-मुलांसाठी अल-ॲनॉनच्या वेगळ्या सभा आहेत, नवरा जायला तयार नसला तरी तुम्ही जा.

गुप्ततेबद्दल एक. चर्चमधे कन्फेशनला सांगितलेलं फादर कधीच कुणाला सांगू शकत नाहीत. समुपदेशकही सांगत नाही, पण जीव धोक्यात असेल तर घरच्यांना कळवावं लागतं, हे तो पहिल्याच दिवशी सांगतो, सांगितलं नाही तर विचारा. आणि चार-पाच भेटींनंतरही आपलं म्हणणं कळत नाहीये असं वाटलं तर बदला, अपराधी वाटून घेऊ नका, पण बदलायच्या आधी एकदा त्यांना तोंडावर सांगून बघा की देवाचं बोललं की तुम्ही विषय बदलता. काही जण खरंच ऐकतात.

वहिनींना मी लिफ्टपाशी एवढं सगळं कुठे सांगणार होते. बाईंचा नंबर दिला, आणि म्हटलं सासूबाईंना वेडबिड, काउन्सेलर काही म्हणू नका, म्हणा झोप येत नाही म्हणून एका बाईंना दाखवायचंय आणि येताना तुमची पोथी पर्समधे घेऊन या, त्या नक्की विचारतील. मंगळवारी साडेअकराची वेळ मिळालीये.